पितळी वाद्यांचा वेडा : ॲडॉल्फ सॅक्स

लग्नाच्या वरातीतला बँड आपण सर्वांनीच पाहिला आहे. पुढे ट्रम्पेटवाले, मागे खांद्याशी भलंमोठं युफोनियम धरलेला एखादा धिप्पाड गडी, आणि कडेला चिलमीसारखं खाली जाऊन पुन्हा वर वळलेलं वाद्य वाजवणारा सॅक्सोफोनवाला. सगळी वाद्यं पिवळीधमक, त्यामुळे सगळी पितळी वाद्यंच, असं आपण धरून चालतो. पण संगीताच्या जाणकारांना विचारा. ते सांगतील की सॅक्सोफोन अख्खा पितळेचा असला तरी तो 'ब्रास' म्हणजे पितळी वाद्यांत मोडत नाही. उलट आपल्या देवघरातला शंख, ज्यात पितळेचा कणही नाही, तो मात्र ट्रम्पेटचा सख्खा भाऊबंद!

हे कोडं वाटेल, पण आहे खरं. ते ज्याच्या आयुष्यावरून नीट उलगडतं, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव ॲडॉल्फ सॅक्स. सॅक्सोफोनला नाव मिळालं ते याच्यामुळेच. आपल्या सोसायटीतल्या मुलांना हे वाद्य सिनेमाच्या गाण्यांतून माहीत आहे, पण त्याच्या मागचा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

तांबटांच्या गावातला पोर

आजच्या बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या काठी दिनां नावाचं एक छोटं गाव आहे. मागे उभा कडा, पुढे नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्ती. हे गाव मध्ययुगापासून तांब्या-पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध होतं; इतकं की तांब्या-पितळेच्या घडीव वस्तूंना फ्रेंच भाषेत या गावावरूनच नाव पडलं. आपल्याकडे पुण्याची तांबट आळी, तसं हे तांबटांचं गाव म्हणा ना! तिथे ६ नोव्हेंबर १८१४ रोजी ॲडॉल्फचा जन्म झाला. कागदोपत्री नाव आंत्वान-जोसेफ, पण ॲडॉल्फ हेच नाव कायम राहिलं. अकरा भावंडांत हा थोरला.

वडील चार्ल्स-जोसेफ सॅक्स हे स्वतः वाद्यं बनवणारे कसबी कारागीर. मुलगा लहान असतानाच त्यांनी बिऱ्हाड ब्रुसेल्सला हलवलं आणि तिथे त्यांचा कारखाना चांगला नावारूपाला आला.

ॲडॉल्फच्या लहानपणाबद्दल जे सांगितलं जातं ते ऐकून अंगावर काटा येतो. तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि डोकं दगडावर आपटलं. दूध समजून ॲसिड मिसळलेलं पाणी प्यायला. टाचणी गिळली. बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन भाजला. तापलेल्या शेगडीवर पडला. ताज्या व्हार्निशच्या खोलीत झोपल्यामुळे गुदमरता गुदमरता वाचला. नदीत पडून वाहून जात होता, तेव्हा कुणीतरी ओढून काढलं. हा पोरगा काही जगत नाही असं शेजारीपाजारी बोलायचे म्हणे, आणि आई तर देवावर हवाला ठेवून बसली होती. यातलं थोडंफार मीठमसाला धरलं, तरी पोरगा चिवट होता एवढं नक्की. पुढच्या आयुष्यात त्याला याच चिवटपणाची गरज पडणार होती.

वडिलांच्या कारखान्यात तो खेळत-खेळत काम शिकला. शिवाय ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयात बासरी आणि क्लॅरिनेटचं रीतसर शिक्षण घेतलं. ही गोष्ट महत्त्वाची आहे. वाद्य बनवणाऱ्या बहुतेक कारागिरांना हत्यार चालवता येई, पण वाजवता येई ते बेताचंच. वादकांना वाजवता येई, पण नळीला भोक कुठे पाडायचं हे कळत नसे. ॲडॉल्फला दोन्ही येत होतं. पंधराव्या वर्षी त्याने स्वतः केलेल्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट प्रदर्शनात मांडली. १८३८ मध्ये, म्हणजे चोविशीच्या आतच, त्याने खर्जातल्या क्लॅरिनेटचा म्हणजे बास क्लॅरिनेटचा आराखडा पार बदलून पेटंट मिळवलं. आजचं बास क्लॅरिनेट त्याच वळणावर चाललेलं आहे.

ओठ, नळी आणि फुंकर

आता थोडा वेळ गोष्ट थांबवून वाद्यांकडे वळू. त्याशिवाय या माणसाने काय केलं ते कळायचं नाही.

फुंकून वाजवायच्या वाद्यात आवाज नळीच्या धातूतून येत नाही, तो नळीतल्या हवेतून येतो. त्या हवेला कंप कशाने मिळतो, यावरून वाद्याची जात ठरते. तुतारी, शिंग, शंख, बिगुल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन या सगळ्यांत वादक ओठ घट्ट मिटून त्यांतून हवा सोडतो आणि ओठच थरथरतात. ही झाली 'ब्रास'ची जात. सनईत मात्र ओठ थरथरत नाहीत, पत्ती थरथरते. बासरीत पत्तीही नाही. तिथे फुंकर कडेवर आपटून हवा हलते. सनई आणि बासरी या दोन्ही 'वुडविंड' म्हणजे लाकडी वाद्यांच्या जातीत धरतात, मग त्या चांदीच्या का असेनात. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बसवलेली असते, तिला रीड म्हणतात. ती थरथरते. शिवाय त्याची नळी सनईसारखीच वरून खाली रुंदावत जाते आणि अंगावर भोकं असतात. म्हणजे नात्याने तो सनईचा चुलतभाऊ. पितळेचा अंगरखा घातला म्हणून कूळ बदलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नळीची लांबी. नळी जितकी लांब, तितका स्वर खाली. ट्रम्पेटची गुंडाळलेली नळी सरळ केली तर जेमतेम दीड मीटर भरेल, ट्रॉम्बोनची पावणेतीन मीटरच्या आसपास आणि मोठ्या ट्यूबाची साडेपाच मीटर. एवढी लांब नळी घेऊन चालता येणार नाही, म्हणून ती वळवून गुंडाळतात. गुंडाळल्यामुळे स्वर फारसा बदलत नाही, फक्त सोय होते.

तिसरी गोष्ट सर्वांत अडचणीची. साध्या नळीतून हवे ते सगळे स्वर निघतच नाहीत. तुतारी किंवा बिगुलवाल्याने ओठ आवळत नेले की स्वर पायरीपायरीने उड्या मारत वर जातो : सा, मग वरचा सा, मग पंचम, मग त्याच्याही वरचा सा, मग गंधार, मग पुन्हा पंचम. मधले रिषभ, मध्यम, धैवत कुठे गेले? खालच्या बाजूला ते नाहीतच. म्हणून बिगुलावर सलामी देता येते, भूप वाजवता येत नाही.

यावर दोन उपाय होते. ट्रॉम्बोनमध्ये नळीत नळी सरकवून लांबी कमी-जास्त करायची. त्याच्या सात जागा ठरलेल्या असतात. दुसरा उपाय जर्मनीत निघाला. श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. बटन दाबलं की हवा वळसा घालून एका जास्तीच्या नळीतून जाते, लांबी वाढते आणि स्वर उतरतो. एका बटनाने अर्धा स्वर, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने दीड. तिन्ही बटनं वेगवेगळ्या जोड्यांनी दाबून मधले सगळे स्वर मिळतात.

उरला नळीचा आकार. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांची नळी बराच अंतरापर्यंत एकाच जाडीची असते आणि शेवटी कर्ण्यासारखी फुलते. त्यांचा आवाज धारदार, झळझळीत. बिगुलाची नळी सुरुवातीपासूनच शंकूसारखी रुंदावत जाते. तिचा आवाज गोल आणि मऊ. माऊथपीसची वाटी उथळ असेल तर स्वर टोकदार येतो, खोल असेल तर गुबगुबीत.

सॅक्सचं म्हणणं होतं की आवाजाचा रंग ठरतो तो आतल्या पोकळीच्या प्रमाणांवरून, भिंत कशाची आहे यावरून नव्हे. त्या काळात हे ऐकून भल्याभल्यांनी नाकं मुरडली. आजचं ध्वनिशास्त्र ढोबळमानाने त्याच्याच बाजूचं आहे. मग पितळच का? तर कारागिराला ते सोयीचं पडतं. सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त एकत्र केलं की असा पत्रा मिळतो जो ठोकून पातळ करता येतो, डाग देऊन जोडता येतो, गंजत नाही. नळी वळवताना चेपू नये म्हणून तिच्यात वितळलेलं शिसं किंवा राळ भरायची, वळवायची आणि मग तापवून भरण काढून टाकायची. दिनांच्या तांबटांना ही कसबं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

पॅरिसचा रस्ता

१८४१ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात सॅक्सने आपली वाद्यं मांडली. सुवर्णपदक त्यालाच मिळायला हवं होतं असं जाणकारांचं मत. पण परीक्षकांना वाटलं की पोरगा अजून लहान आहे. आताच सुवर्णपदक दिलं तर पुढच्या वेळी द्यायचं काय? म्हणून त्यांनी खालच्या दर्जाचं पदक देऊ केलं आणि सॅक्सने ते नाकारलं. नोकरीत वयाची आणि ज्येष्ठतेची यादी पाहून बढत्या देणारे आपण पाहिले आहेत. ही रीत जुनीच म्हणायची.

१८४२ मध्ये तो पॅरिसला गेला. खिशात जेमतेम ३० फ्रँक होते, असं सांगतात. पण तिथे त्याला एक जबरदस्त पाठीराखा मिळाला : संगीतकार एक्तोर बर्लिओझ. बर्लिओझ वर्तमानपत्रात संगीतावर लिहायचा आणि त्याच्या लेखणीला धार होती. त्याने जून १८४२ मध्ये सॅक्सच्या वाद्यांवर भरभरून लेख लिहिला आणि एका दिवसात पॅरिसला या बेल्जियन तरुणाचं नाव कळलं. सॅक्सने उसनेपासने पैसे उभे करून कारखाना काढला.

पहिल्यांदा त्याने हात घातला तो ओठांनी वाजवायच्या वाद्यांना. तेव्हा ज्याला जसं सुचेल तसं जो तो वाद्य बनवी. एकाची बटनं इकडे, दुसऱ्याची तिकडे, एकाची नळी बारीक, दुसऱ्याची जाड. दहा वाद्यं एकत्र वाजली की आवाज मिसळत नसे. सॅक्सने बिगुलाची शंकूसारखी नळी घेतली, तिला व्हॉल्व्ह बसवले, आणि चिमुकल्या वाद्यापासून थेट खर्जातल्या अवजड वाद्यापर्यंत एक अख्खं कुटुंब बनवलं. प्रमाण एक, घडण एक, बोटांची पद्धत एक. एक वाद्य आलं की दुसरं हातात घ्यायला वादकाला वेळ लागत नसे. या कुटुंबाला लोक सॅक्सहॉर्न म्हणू लागले.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. यातला प्रत्येक भाग सॅक्सने शोधलेला नव्हता. व्हॉल्व्ह जर्मनांचे, बिगुल तर जुनंच. त्याचे विरोधक हेच म्हणायचे आणि त्यात तथ्य होतं. प्रशियाच्या लष्करी बँडचा प्रमुख वीप्रेश्ट यानेही आमच्याकडे असली वाद्यं आधीच होती असा दावा केला. सॅक्सचं श्रेय आहे ते सगळ्यांची मापं नीट बसवून त्यातून एकजीव संच करण्यात. तयार सामान सर्वांना मिळतं, पण घर उभं राहतं ते आराखड्यावर, हे आपल्या सोसायटीच्या पहिल्या समितीतल्या मंडळींना वेगळं सांगायला नको!

मैदानावरचा सामना

फ्रान्सच्या लष्करी बँडची त्या काळात दुर्दशा होती. उघड्या मैदानावर ओबो आणि बासून यांचा आवाज वाऱ्यावर उडून जाई. सॅक्सने सरकारला नवी रचना सुचवली. जुन्या मंडळींनी विरोध केला, त्यांच्या बाजूला लष्करी संगीतशाळेचा संचालक काराफा होता. शेवटी ठरलं की दोन्ही बँड लोकांसमोर वाजवून पाहायचे.

२२ एप्रिल १८४५. जागा शां द मार्स. म्हणजे आज जिथे आयफेल टॉवर उभा आहे ते मैदान. हजारोंच्या संख्येने लोक जमले. एका बाजूला काराफाचा जुन्या पद्धतीचा बँड, दुसऱ्या बाजूला सॅक्सचा. सॅक्सचे काही वादक ऐनवेळी आलेच नाहीत. त्यांना फितवलं होतं, असं बोललं गेलं. तरीही वाजवायला सुरुवात झाल्यावर लोकांचा कौल कुणाला हे लपून राहिलं नाही. त्याच वर्षी सरकारने सॅक्सची वाद्यं लष्करी बँडसाठी मंजूर केली.

आता तुम्हीच विचार करा. सैन्याची ऑर्डर म्हणजे केवढा धंदा! आणि तो सगळा एका परक्या, तिशीतल्या माणसाकडे जाणार. पॅरिसचे इतर वाद्यनिर्माते एकत्र आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारखान्यांवर टाच येत होती, कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, हेही विसरता येत नाही. त्यांनी संघटना करून पैसा उभा केला आणि सॅक्सची पेटंटं रद्द व्हावीत म्हणून कोर्टात धाव घेतली.

पट्टी, पितळ आणि पेटंट

याच धामधुमीत २८ जून १८४६ रोजी सॅक्सला सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं. या वाद्याची कल्पना त्याच्या डोक्यात काही वर्षं घोळत होती. बँडमध्ये एका बाजूला कर्कश पितळी वाद्यं, दुसऱ्या बाजूला नाजूक लाकडी वाद्यं, आणि मधे दरी. ती भरून काढणारं, पितळेइतकं दमदार पण पट्टीच्या वाद्यासारखं लवचीक असं काहीतरी त्याला हवं होतं. त्या काळी ऑफिक्लाइड नावाचं एक मोठं, रुंदावत जाणाऱ्या नळीचं पितळी वाद्य होतं. त्याला ओठांच्या माऊथपीसऐवजी क्लॅरिनेटसारखं पट्टीचं तोंड लावून पाहण्यातून सॅक्सोफोन सुचला, असं बरेच जण मानतात.

यात एक मोठी खुबी आहे. क्लॅरिनेटची नळी सरळ, एकाच जाडीची. तिच्यावर जोराने वरचा स्वर काढला की तो वरच्या सा ऐवजी त्याच्याही पुढच्या पंचमावर उडी मारतो. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सप्तकाची बोटं वेगळी. शंकूच्या नळीत मात्र उडी बरोबर एका सप्तकाची बसते, म्हणून सॅक्सोफोनवर दोन्ही सप्तकांत बोटं जवळजवळ तीच राहतात. शिकणाऱ्याचं निम्मं ओझं उतरलं. पुढे हे वाद्य जगभर पसरलं त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे.

सॅक्सहॉर्नबद्दल वाद घालायला जागा होती. सॅक्सोफोनबद्दल तशी नव्हती; हे वाद्य नवंच होतं. तरी त्यावरही खटले झाले. वीस वर्षं हा माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. कधी जिंकला, कधी हरला, अपील केलं, पुन्हा जिंकला. त्याचे कारागीर फोडले, हत्यारं पळवली, एवढंच नव्हे तर त्याच्या जिवावर उठलेल्याने चुकून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कामगारावर वार केला, असंही सांगितलं जातं.

१८४८ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा गेला आणि लष्करी बँडचा हुकूमही बारगळला. सैन्याची ऑर्डर गेली. कारखाना, कारागीर, कर्ज आणि वकिलांची बिलं मात्र तशीच. १८५२ मध्ये पहिली दिवाळखोरी. हिशोब सरळ आहे : माल उत्तम, पण गिऱ्हाईक एकच, तेही सरकार, आणि खेळतं भांडवल खटल्यांत अडकलेलं. असा उद्योग कितीही हुशार माणसाने चालवला तरी तो तरत नाही.

तरी तो उभा राहिला. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत सॅक्सची वाद्यं पुन्हा लष्करात आली आणि त्याला राजघराण्याचा वाद्यनिर्माता म्हणून मान मिळाला. पॅरिसच्या ऑपेरात रंगमंचावरच्या बँडची जबाबदारी त्याच्याकडे होती. १८५७ पासून पॅरिसच्या प्रसिद्ध संगीत विद्यालयात तो लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवू लागला.

याच सुमाराला त्याच्या ओठावर काळसर गाठ आली. वाद्यं बनवून स्वतः वाजवून तपासणाऱ्या माणसाच्या ओठावर! गाठ वाढत गेली, खाणंपिणं अवघड झालं, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. अखेर पॅरिसमध्ये 'काळा डॉक्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्रीस नावाच्या माणसाकडे तो गेला. तो झाडपाल्याचं औषध द्यायचा. १८५९ मध्ये गाठ गेली आणि मित्रमंडळींनी मोठी मेजवानी दिली. त्या व्रीसवर पुढे भोंदूगिरीचा खटला झाला, ही गोष्टही नोंदवून ठेवायला हवी. नाहीतर कुणीतरी झाडपाल्याच्या मागे लागायचं! सॅक्स मात्र बरा झाला आणि त्यानंतर पस्तीस वर्षं जगला.

चक्रवाढीचा हिशोब

सॅक्सचं एक कमी माहीत असलेलं काम सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यात आम्हा बँकवाल्यांना समजेल असं गणित आहे.

वर सांगितलेल्या तीन बटनांच्या पद्धतीत एक जन्मजात खोट आहे. अर्धा स्वर उतरवायला नळी सुमारे ६ टक्के लांब करावी लागते, एक स्वर उतरवायला सुमारे १२ टक्के. प्रत्येक बटनाची जास्तीची नळी मूळ लांबीवर हिशोब करून कापलेली असते. पण एक बटन आधीच दाबलेलं असेल तर नळी वाढलेली असते. आता दुसऱ्या बटनाने ६ टक्के द्यायचे ते या वाढलेल्या लांबीवर. आणि नळी तर मूळ लांबीवर कापलेली. म्हणजे देणं चक्रवाढ व्याजाचं आणि भरणा सरळ व्याजाचा! फरक पडणारच. दोन-तीन बटनं एकदम दाबली की स्वर चढा येतो तो यामुळे. वादक ओठ सैल करून किंवा एखादी नळी बाहेर ओढून तो सांभाळून घेतात.

सॅक्सने १८५२ मध्ये यावर मुळातूनच उपाय काढला. सहा स्वतंत्र व्हॉल्व्ह. कधीही एकापेक्षा जास्त दाबायचा नाही. ट्रॉम्बोनच्या जशा सात जागा, तशा इथे सहा बटनं आणि एक मोकळी नळी. प्रत्येकीची लांबी स्वतंत्र, बिनचूक मोजलेली. सूर अगदी नेमका. काही वाद्यांना तर त्याने सात कर्णे लावले. चित्रात पाहिलं तर सात फणांच्या नागासारखं दिसतं. पण वाद्य जड झालं, महाग झालं, आणि तीन बटनांची सवय असलेल्या बोटांना ते नको वाटलं. ही पद्धत टिकली नाही. आजही जगभर तीन बटनंच चालतात. खोट माहीत असूनही सवयीचं सोडवत नाही, हे फक्त वाद्यांच्या बाबतीत घडतं असं नाही.

अखेरची वर्षं

१८६६ मध्ये सॅक्सोफोनच्या पेटंटची वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि इतर कारखानेही ते वाद्य बनवायला मोकळे झाले. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सॅक्सला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण त्याने तिजोरी भरली नाही. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, फ्रान्स हरला आणि संगीत विद्यालयातला सॅक्सोफोनचा वर्ग बंद पडला. १८७३ मध्ये दुसरी दिवाळखोरी, १८७७ मध्ये तिसरी. त्या वर्षी त्याने आयुष्यभर गोळा केलेला जगभरातल्या वाद्यांचा संग्रह लिलावात काढावा लागला. कर्ज वसुलीचे लिलाव मी नोकरीत बरेच पाहिले. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असो की शिंप्याची मशीन, हातोडा पडताना मालकाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. इथे तर माणसाचं अख्खं आयुष्य टेबलावर मांडलेलं होतं.

फेब्रुवारी १८९४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, सॅक्स पॅरिसमध्ये वारला. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. मुलाने कारखाना पुढे काही वर्षं चालवला. १९२० च्या दशकाच्या शेवटी तो सेल्मर या कंपनीकडे गेला. तोवर अमेरिकेत जॅझ संगीताने सॅक्सोफोन डोक्यावर घेतला होता. लष्करी मैदानासाठी बनवलेलं वाद्य नाचघरात पोचलं, आणि हे पाहायला तो नव्हता.

आपल्या दारापर्यंत

आता हे सगळं आपल्यापर्यंत कसं आलं? १८४४ मध्ये डिस्टिन नावाच्या इंग्लिश वादक कुटुंबाची, बाप आणि मुलगे यांची, पॅरिसमध्ये सॅक्सशी गाठ पडली. त्याची वाद्यं त्यांना इतकी आवडली की ती घेऊन त्यांनी इंग्लंडभर कार्यक्रम केले आणि विकायलाही सुरुवात केली. तिथल्या गिरण्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांचे ब्रास बँड याच सुमाराला बहरले. बोटांची पद्धत एकच, त्यामुळे दिवसभर राबून आलेला माणूसही संध्याकाळी शिकू शकत असे. आजची टेनर हॉर्न आणि बॅरिटोन ही त्याच सॅक्सहॉर्नची लेकरं, आणि युफोनियम अगदी जवळचा नातलग. इंग्रजांच्या पलटणींबरोबर बँड हिंदुस्थानात आला, छावण्यांतून संस्थानिकांकडे आणि तिथून लग्नाच्या वरातीत. आज मीरतमध्ये ही वाद्यं आपलेच कारागीर ठोकून घडवतात.

सॅक्सोफोनही मागे राहिला नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घरोघरी पोचवले. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर यांच्या 'अलबेला'च्या गाण्यांत गोव्याच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याचा हात होता. दक्षिणेत कद्री गोपालनाथ यांनी तर सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं. मूळचे ते नागस्वरम्‌ वाजवणाऱ्या घराण्यातले. नागस्वरम्‌ म्हणजे दक्षिणेची मोठी सनईच. तेव्हा हे वाद्य फिरून सनईच्याच घरी आलं म्हणायचं.

मुलांना एक सुचवतो. पुढच्या वेळी बँड आला की वाद्याच्या चकाकीकडे पाहू नका, वादकाच्या तोंडाकडे पाहा. ओठ वाटीवर टेकवलेले असतील तर तो तुतारीच्या कुळातला, तोंडात पट्टी धरली असेल तर सनईच्या.

दिनां गावात आज नदीवरच्या पुलावर रंगीबेरंगी सॅक्सोफोन ओळीने उभे केले आहेत. सॅक्सच्या जन्मघराशी त्याचा पुतळा बाकावर बसलेला आहे. आणि मला सर्वांत भावलेली गोष्ट ही, की युरो येण्यापूर्वी बेल्जियमची जी २०० फ्रँकची नोट होती, तिच्यावर या माणसाचं चित्र होतं. तीनदा दिवाळं निघालेल्या माणसाला देशाने आपल्या चलनावर बसवलं. पण हा हिशोब जुळला तेव्हा खातेदार हयात नव्हता.